स्वारगेटजवळ घर घेऊन भाड्याने देताना

भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घ्यायचा म्हटलं, तरी बहुतेक पुणेकर शोधायला लागतात ते स्वतःला आवडेल असं घर. स्वयंपाकघर कुठल्या दिशेला, गॅलरीतून पर्वती दिसते का, खालच्या मजल्यावर कोण राहतं. तिथे आपण राहणार नाही, हे टोकन देईपर्यंत लक्षातच येत नाही. राहणार असते लातूरहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुलगी, मार्केट यार्डातल्या गाळ्यावर हिशेब लिहिणारा माणूस, नाहीतर रिडेव्हलपमेंटसाठी घर रिकामं करावं लागलेलं दोन गल्ल्या पलीकडचं कुटुंब. त्यांच्या नजरेने घर पाहता आलं की निवड निम्मी झाली. उरलेलं काम हिशेबाचं आणि कागदांचं, आणि पैसे बुडतात ते बहुधा तिथेच.

स्वारगेट या कामाला बरं का, हे वेगळं सांगायला नको. एसटीचं स्थानक, पीएमपीचा डेपो आणि २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालयापासूनचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून थेट पिंपरी-चिंचवडपर्यंत मेट्रो. पुढे कात्रजपर्यंतच्या भुयारी मार्गालाही केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. "मेट्रो आली, आता भाडी वाढणारच," हे वाक्य इथला प्रत्येक ब्रोकर म्हणतो. त्याला एवढंच विचारा, की विकणाऱ्याने ती वाढ किमतीत आधीच धरली आहे की नाही. धरलेली असतेच. माझ्या मते नव्याने घेणाऱ्याला मेट्रोचा फायदा भाड्याच्या आकड्यात कमी आणि घर रिकामं न राहण्यात जास्त आहे, आणि हा फायदा लहान नाही.

आधी भाडेकरू ठरवा

इथे मुख्यतः तीन प्रकारचे भाडेकरू भेटतात. पहिले विद्यार्थी. सदाशिव, नवी, शुक्रवार पेठेतल्या अभ्यासिका, क्लास आणि मेस यांच्या आधाराने एमपीएससीवाल्यांचं एक गावच वसलं आहे. त्यांना घर नको असतं, कॉट हवी असते. दोन खोल्यांत चार कॉट टाकल्या तर एका कुटुंबाकडून मिळेल त्यापेक्षा जास्त भाडं येतं, यात शंका नाही. पण गिझर, फ्लश आणि पाण्याची मोटार चौपट वापरली जाते, पार्किंगमध्ये चार दुचाक्या उभ्या राहतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचं नाव रोज निघतं. शिवाय हा वर्ग परीक्षेच्या वेळापत्रकावर चालतो. जाहिरात निघाली की कॉट मिळत नाही, निकाल लागला की रिकाम्या होतात. वर्षातून दोनदा माणसं बदलायची, रंग द्यायची आणि नवे करार करायची तयारी असेल तरच या वाटेला जावं. परगावी राहून कॉट बेसिस चालवू पाहणाऱ्याला तर मी सरळ नको म्हणेन.

दुसरा गट नोकरदारांचा: बँकेतली मुलं, रुग्णालयातल्या परिचारिका, मेट्रोने पिंपरीकडे जाणारी जोडपी. यांना पायी अंतरावर स्थानक, उजेड असलेली गल्ली, गाडी लावायला जागा आणि गुरुवारी पाणी बंद असतानाही पुरेल एवढी टाकी हवी असते. पर्वतीच्या दर्शनाचं यातल्या कुणाला काही नसतं.

तिसऱ्या गटाकडे फार कुणी पाहत नाही, आणि तोच मला सगळ्यात चांगला वाटतो. मुकुंदनगर, सहकारनगर, पर्वती भागातल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्या एकेक करून पाडल्या जात आहेत. सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या नव्या नियमावलीनंतर ही प्रक्रिया आणखी वेगाने होऊ लागली. अशा सोसायटीतल्या कुटुंबांना दोन-तीन वर्षांसाठी दुसरीकडे राहावं लागतं. भाडं बिल्डर देतो. मुलांची शाळा, आजीचे डॉक्टर आणि दूधवाला तोच ठेवायचा म्हणून त्यांना त्याच भागात घर हवं असतं. हे लोक स्वतः घरमालक असतात, भिंतीला खिळा ठोकण्याआधी विचारतात, आणि इमारत पूर्ण होईपर्यंत हलत नाहीत. यांच्यासाठी दोन बेडरूम, लिफ्ट किंवा पहिला मजला आणि कपाटं लागतात. जवळपास कुठल्या सोसायटीने बिल्डर नेमला आहे, याची चौकशी करत राहा. जाहिरात द्यायचीही गरज पडणार नाही.

दुकानाचा गाळा घेऊन भाड्याने देण्याचा विषय वेगळा आहे. तिथे जीएसटी, फायर आणि परवान्यांचे प्रश्न येतात. पहिल्या घरासाठी त्या फंदात पडू नये.

कुठे पाहावं, कुठे जपून

गुरुवार, घोरपडे, शुक्रवार पेठांत वाडे स्वस्त मिळाल्याच्या गोष्टी कानावर येतात. वाड्यातली 'पागडीची खोली' विकत मिळते तेव्हा मिळतो तो भाडेकरूचा हक्क. मालकी मिळत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेणं-देणं कायदेशीर केलं, हे बरोबर. पण ती खोली पुन्हा तिसऱ्याला भाड्याने देणं म्हणजे मूळ मालकाच्या हाती तुम्हाला बाहेर काढायचं कारण देणं. वाड्यातला हिस्सा घेणं त्याहून वाईट. चार भावांची वाटणी, दोन जुने भाडेकरू आणि एक दावा. नवख्याने पेठेत घ्यायचंच, तर बांधून पूर्ण झालेल्या इमारतीतला, भोगवटा प्रमाणपत्र असलेला फ्लॅटच घ्यावा.

सहकारनगर-पर्वतीकडे आणखी एक इतिहास आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पूरग्रस्तांचं पुनर्वसन सरकारने दिलेल्या जमिनींवर झालं. त्या वसाहती आणि सोसायट्या आज शहराच्या मोक्याच्या भागात आल्या आहेत. अशा ठिकाणी फ्लॅट पाहताना जमीन कुठल्या अटींवर दिली होती, मालकी हक्कात रूपांतर झालं का, हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, हे वकिलाकडून लेखी घ्या. विकणारा "सगळे असेच विकतात" म्हणेल. विकत असतीलही; बँक कर्ज देताना मात्र तो सगळ्यांचा हिशेब धरत नाही.

आणि पाणी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाले कॉलनी, मित्रमंडळ, दांडेकर पुलापर्यंत हाहाकार केला. सीमाभिंती कोसळल्या, माणसं गेली, तळमजल्यावरची घरं आणि पार्किंगमधल्या गाड्या वाहून गेल्या. या पट्ट्यात तळमजल्याचा फ्लॅट स्वस्त मिळत असेल तर ब्रोकरला विचारू नका. वॉचमनला, समोरच्या किराणावाल्याला विचारा, त्या रात्री पाणी कुठपर्यंत आलं होतं. ते हात वर करून भिंतीवर दाखवतात. पावसाळ्यात एकदा स्वतः जाऊन पार्किंगची भिंत पाहा. ओल कुठे थांबते ते रंगावरून कळतं.

हिशेब: हातात काय उरतं

आकडे मांडल्याशिवाय यातलं काही खरं नाही. समजा, जुन्या पण ठीक अवस्थेतल्या इमारतीत वन बीएचके ५५ लाखांना मिळाला. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ३ लाख ८५ हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. नोंदणी फी ३० हजार. ब्रोकर एक टक्का धरला तर ५५ हजार. जुनं वायरिंग, बाथरूमची वॉटरप्रूफिंग, रंग, दोन पंखे, गिझर याला अडीच लाख. घर पडलं ६२ लाख २० हजारांना.

भाडं समजा १८ हजार. वर्षातला एक महिना रिकामा जाईल असं धरायचंच. म्हणजे १ लाख ९८ हजार. त्यातून मेंटेनन्स महिना १,८०० प्रमाणे २१ हजार ६००, सोसायटीचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सुमारे २ हजार, मिळकतकर १४ हजार, दुरुस्तीचा राखीव निधी १५ हजार, ब्रोकर आणि करार ९ हजार. उरले १ लाख ३६ हजार ४००. गुंतवणुकीवर सव्वादोन टक्क्यांच्याही आत. त्यावर प्राप्तिकर अजून भरायचा आहे. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते.

मग लोक का घेतात? किंमत वाढेल आणि भाडं वर्षागणिक चढेल म्हणून. दोन्ही होऊ शकतं. पण मग आपण भाड्यासाठी नव्हे, वाढीसाठी घर घेतोय, हे स्वतःशी कबूल करावं आणि त्याप्रमाणे इमारतीपेक्षा जमिनीकडे, तिच्या कागदाकडे आणि पुनर्विकासाच्या शक्यतेकडे जास्त पाहावं. कर्जाचं गणित आणखी कडक आहे. ४० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ३४,७०० च्या आसपास जातो. भाडं त्याच्या निम्मं. "भाड्यातून हप्ता फिटेल" हे इथे होत नाही. महिन्याला सोळा-सतरा हजार पगारातून घालायची आणि घर दोन महिने रिकामं राहिलं तरी झोप लागायची ताकद असेल तर पुढे जा. मुद्रांक शुल्क आणि दुरुस्तीला बँक सहसा कर्ज देत नाही, ते पैसे रोख लागतात.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापून तो भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. विक्रेता परदेशात राहत असेल तर कपात खूप जास्त असते, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मुकुंदनगर-सहकारनगरात अशी कुलूपबंद घरं बरीच आहेत. मुलं अमेरिकेत, आई-वडील गेलेले.

कागद

विकत घेताना मागायचे कागद वकील सांगेलच: मागची सगळी खरेदीखतं, सूची क्रमांक दोन, तीस वर्षांचा शोध अहवाल, प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जुने दस्त आधी घरबसल्या पाहता येतात. टोकन देण्याआधी तेवढं तरी करा. दोन गोष्टी मात्र वकीलही कधीकधी घाईत सोडतो. सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का? नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी मूळ मालक किंवा बिल्डर पुन्हा दारात उभा राहतो. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो, पण त्याला वेळ लागतो. दुसरं, महावितरणची, मिळकतकराची आणि सोसायटीची थकबाकी. या तिन्हींचं 'बाकी नाही' खरेदीखताच्या दिवशीच हातात हवं.

मिळकतकराचा एक सापळा आहे. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते. ती मधे गेली होती, २०२३ मध्ये राज्य सरकारने पुन्हा लागू केली आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. विक्रेता स्वतः राहत असेल तर त्याच्या बिलात ही सवलत आहे. तुम्ही भाड्याने देणार, तर ती तुम्हाला नाही. त्याचं बिल पाहून हिशेब केला की पहिल्याच एप्रिलमध्ये धक्का बसतो.

सोसायटीशी संबंध पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आगाऊ लेखी कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे. मिळकतकराचा भाग त्यात धरायचा नाही. काही सोसायट्या अजूनही "बॅचलरला देणार असाल तर महिना हजार" असा ठराव करून बसलेल्या असतात. त्यांना तो आदेश दाखवा, पण हसून दाखवा. लिफ्टचा बिघाड आणि टाकीची सफाई त्यांच्याच हातात आहे.

करार

पुण्यातल्या जुन्या लोकांना भाडेकरूची एवढी भीती का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. त्यातून सुटायला मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स'ची वाट काढली, तर १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षी १ फेब्रुवारीला घरात असलेल्या परवानाधारकांनाही संरक्षित भाडेकरू केलं. मग मालकांनी घरं कुलूप लावून ठेवली. वीस रुपये भाड्याच्या वाड्यातल्या खोल्यांचा जन्म याच काळातला. ३१ मार्च २००० ला लागू झालेल्या नव्या कायद्याने मालकाला कलम २४ दिलं: लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. तिथे लेखी करारात जे आहे ते निर्णायक पुरावा मानलं जातं.

म्हणून लेखी आणि नोंदणीकृत करार. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही," हे अजूनही ऐकू येतं. महाराष्ट्रात ते चूक आहे. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कैद कुणाला झालेली फारशी ऐकिवात नाही. खरी शिक्षा दुसरी आहे: वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

खर्च म्हणावा तर किरकोळ. एकूण भाडं आणि परताव्याच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. २५ हजार भाडं, लाखाचं डिपॉझिट, अकरा महिने: सातशे-सव्वासातशे रुपये. शहरात नोंदणी फी हजार. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. सासूबाईंचा अंगठा उमटत नाही म्हणून दोनदा हात धुवायला लावतो, आणि अर्ध्या तासात सगळं होतं. मालक पुण्यात नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागू शकतं. ते परदेशात केलेलं असेल तर भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्या.

एजंटाच्या ठरीव मसुद्यावर सही करू नका, वाचा. लॉक-इन किती महिन्यांचं, नोटीस किती, दुसऱ्या वर्षी भाडं किती वाढणार, रंगाचे पैसे कोण देणार, किरकोळ दुरुस्ती म्हणजे किती रुपयांपर्यंतची. सोसायटीने पुनर्विकासासाठी घर रिकामं करायला सांगितलं तर काय, हे कलम स्वारगेटच्या आसपास प्रत्येक करारात हवंच. कॉट बेसिसवर देत असाल तर राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात घाला. एका मुलाच्या नावावर करार आणि आत सहा मुलं, यातून निघणं अवघड जातं. वसतिगृहासारखं चालवत असाल तर जीएसटीतही पाहा: दरमाणशी महिना २० हजारांपर्यंत आणि सलग किमान ९० दिवसांचा मुक्काम असेल तर जुलै २०२४ पासून सूट आहे.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आणि पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर ती भरता येते. पोच जपून ठेवा. परदेशी विद्यार्थी ठेवलात तर त्याची माहिती २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन द्यावी लागते. हे बऱ्याच मालकांना पोलीस दारात आल्यावर कळतं.

माणूस पारखणं आणि किल्ली देणं

जुन्या घरमालकाचा फोन नंबर मागा आणि खरंच फोन करा. घर का सोडलं, हा प्रश्न दोघांना विचारा. उत्तरं जुळली की पुरे. नोकरदाराची सॅलरी स्लिप, विद्यार्थ्याच्या पालकांचा नंबर. पालकांशी करारापूर्वी एकदा बोलावं. नांदेडच्या शेतकऱ्याला मुलीचा घरमालक कोण आहे हे कळलं की त्यालाही बरं वाटतं, आणि पुढे भाडं कधी थकत नाही. जात, धर्म, मांसाहार यांवरून माणसं गाळण्याची सवय इथे जुनी आहे. त्याने घर सुरक्षित होत नाही, फक्त रिकामं राहतं.

ऑनलाइन जाहिरात टाकली की दोन दिवसांत 'लष्करात आहे, पुण्यात बदली झाली, घर न पाहताच डिपॉझिट पाठवतो' असा फोन येतोच. त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. पैसे मिळण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही, एवढं घरातल्या ज्येष्ठांना सांगून ठेवा.

किल्ली देण्याच्या दिवशी तासभर काढा. दारापासून सुरुवात करून मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या: प्रत्येक भिंत, सिंकखालचा पाइप, फ्लश सुरू करून, गिझर लावून, खिडक्यांच्या कड्या. वीज मीटरचा आकडा आणि पाइप गॅस असेल तर त्याचाही. बाथरूमच्या कोपऱ्यातली जुनी ओल आजच दाखवा आणि यादीत लिहा, नाहीतर अकरा महिन्यांनी ती त्यानेच केली असं तुम्हाला वाटेल. यादीवर दोघांच्या सह्या, एक प्रत त्याला.

त्यानंतर घर चालवण्याचं काम म्हणजे मुख्यतः प्लंबरचा नंबर. भाडेकरूने नळ गळतोय असं सांगितलं तर त्याच आठवड्यात माणूस पाठवा. दोनशे रुपयांचा वॉशर टाळला की पाणी खालच्या फ्लॅटच्या छतातून उतरतं, आणि मग वॉटरप्रूफिंग, खालच्यांचं पीओपी आणि सोसायटीतलं भांडण, तिन्ही तुमच्या खात्यावर. न सांगता घर पाहायला जाऊ नका; आधी कळवून, सहा महिन्यांतून एकदा पुरे. भाडं बँकेतच घ्या आणि पावती द्या, पावती देणं कायद्याने मालकावर आहे.

प्राप्तिकरात भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर दुरुस्तीसाठी सरसकट ३० टक्के सूट मिळते, प्रत्यक्ष खर्च किती केला ते विचारत नाहीत. कर्जाचं व्याजही वजा होतं. त्यातून तोटा निघाला तर जुन्या पद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वळता करता येतो, नव्या पद्धतीत नाही. हप्त्याच्या जोरावर कर वाचवायचं गणित कुणी मांडून दाखवलं, तर कुठल्या पद्धतीतलं ते विचारा. महिना ५० हजारांहून जास्त भाडं असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापायचा असतो. मालक परदेशात असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी कपात होते, आणि दर चढा.

मुदत संपण्याआधी दोन महिने बोलणी सुरू करा. चांगला भाडेकरू पाच टक्के वाढीवर राहणार असेल तर दहासाठी त्याला घालवू नका. एक रिकामा महिना म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त गेले. राहणार असेल तर नवा करार मुदत संपण्याच्या आधी नोंदवा. जुना संपून चार महिने झाले तरी "चाललंय ना" म्हणत राहणं, हे भांडणाला दिलेलं आमंत्रण आहे. आणि कुणी खरंच घर सोडत नसेल, तर कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, वीज-पाणी तोडणं यातलं काहीही करू नका. अत्यावश्यक सेवा तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याखाली गुन्हा आहे आणि एका रात्रीत तुमची बाजू पडते. नोटीस, मग कलम २४ चा अर्ज. वेळ लागतो, करार नोंदवलेला असला की निकाल मात्र बहुधा मालकाच्या बाजूने लागतो.

सोडणारा वेळेवर सोडत असेल तर डिपॉझिट त्याच दिवशी परत करा. पहिल्या दिवसाचा व्हिडिओ समोर लावून घर दोघांनी मिळून पाहा, वापराने झालेली झीज आणि मोडतोड वेगळी धरा, शेवटचं वीजबिल वजा करून हिशेबाच्या कागदावर दोघांनी सह्या करा. डिपॉझिट अडकवणाऱ्या मालकाचं नाव अभ्यासिकांमध्ये आठवड्यात पसरतं. नवीन भाडेकरूला दाखवायला किल्ली ब्रोकरकडे देण्यापूर्वी दाराच्या कुलपाचा सिलिंडर बदलून घ्या. जुन्या किल्लीच्या किती नकला निघाल्या असतील हे कुणीच सांगू शकत नाही.